पिकाएवढीच जागा लिव्हरवर्टला द्या

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिमालयातल्या पिका या प्राण्यावर अर्धे पान आले. मराठी दैनिकाने वाघ-बिबट्या सोडून एवढ्याशा जिवाला जागा दिली, याचा फार आनंद झाला. मात्र छायाचित्राखाली त्याला 'डोंगरी उंदीर' म्हटले आहे. त्याच पानाच्या तळाशी एका दुर्मीळ लिव्हरवर्टची, म्हणजे ओल्या मातीला-कातळाला चिकटून वाढणाऱ्या एका चिमुकल्या वनस्पतीची, चार ओळींची बातमी आहे आणि तिला 'दुर्मीळ शेवाळ' असा मथळा दिला आहे. हे दोन्ही शब्द चुकले आहेत. चूक नुसती नावाची असती तर पत्र लिहिले नसते. नावे चुकली की या दोघांना मारते काय आणि तारते काय, हेही चुकीचे समजते. त्यातून पिकाला अर्धे पान आणि लिव्हरवर्टला चार ओळी हे माप तर अगदी उलटे पडले आहे.

आधी पिका. हा उंदीर नाही. उंदीर-खारी कृंतक गणातल्या, तर पिका सशांच्या गणातला. वरच्या जबड्यात पुढच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात असतात. सशालाही असतात, उंदराला नसतात. कान गोल, शेपूट बाहेर दिसत नाही, तळपायांना केस, आणि वजन साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे आपल्या एका चांगल्या भरलेल्या संत्र्याएवढे. जगात पिकाच्या तीसेक जाती आहेत. आपल्याकडचे यात्रेकरू चोपत्याहून तुंगनाथला चढताना दगडांत जो पाहतात तो रॉयलचा पिका. १८३९ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख राहिलेल्या जॉन फोर्ब्ज रॉयल यांचे नाव त्याला मिळाले. म्हणजे या प्राण्याचे नाव एका वनस्पतिशास्त्रज्ञाचे आहे. पुढे जे सांगायचे आहे त्याला हे फार साजेसे आहे.

पिका हिवाळ्यात झोपून राहत नाही. हिमालयातली थंडी तो जागेपणी काढतो आणि त्यासाठी अंगातली भट्टी सतत पेटती ठेवतो. उत्तर अमेरिकेतल्या पिकाच्या शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते जेमतेम ३ अंशांनी वाढले तरी तो मरतो. आडोसा मिळू दिला नाही तर २५ ते ३० अंशांची हवासुद्धा काही तासांत त्याचा जीव घेते. नागपूरकराला हे वाचून नवल वाटेल, कारण २५ अंश म्हणजे आपल्याकडची सुखद सकाळ. पण या वाक्यातले 'आडोसा मिळू दिला नाही तर' हे शब्द बातम्यांमध्ये नेमके गळतात. मग 'तापमान २५ च्या वर गेले की पिका संपला' असे छापून येते, आणि ते खरे नाही.

पिका राहतो ती जागा म्हणजे कड्याखाली घरंगळून साचलेली दगडांची रास. वीतभरापासून मीटरभरापर्यंतचे दगड एकमेकांवर टेकलेले असतात आणि मधल्या फटी मोकळ्या असतात. थंड हवा जड असल्याने ती रात्री या फटींत उतरते आणि दिवसा तिथेच बसून राहते. हिवाळ्यात आत झिरपलेल्या पाण्याचे बर्फ होते, ते खोलवर उन्हाळ्यापर्यंत टिकते आणि सावकाश वितळत आतली हवा गार ठेवते. वरच्या दगडावर हात ठेववत नाही अशा दुपारी मीटरभर खाली गारवा असतो. पिका सकाळी चरतो, ऊन चढले की खाली उतरतो, संध्याकाळी पुन्हा वर येतो. म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या बोडी या ओसाड खाणगावात, पिकाला न मानवणाऱ्या उष्ण भागात, खाणीतून काढून टाकलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यांत पिका कित्येक दशके टिकले. त्यातल्या काही ढिगाऱ्यांतले पुढे संपले, हेही तितकेच खरे.

हिवाळ्याचा हिशेब याच्या उलटा आहे. जाड बर्फ पडला की तो गोधडीचे काम करतो. वर हवा उणे १५-२० असली तरी बर्फाखालच्या फटीत तापमान शून्याच्या जवळपास राहते. बर्फ कमी पडला किंवा लवकर वितळला तर गोधडी निघते आणि पिका थंडीने मरतो. तेव्हा 'डोंगर तापला' याचा एक परिणाम असाही होतो की पिका गारठून जातो. शाळेतल्या मुलांना हे एकदा नीट समजावून सांगितले तर हवामानबदल म्हणजे केवळ उन्हाळा वाढणे नव्हे, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

पिका चारा साठवतो, हे आपल्या लेखात आले आहे. ते वर्णन मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या पिकाचे आहे. आपल्या रॉयल पिकाकडे तसे मोठे ढीग क्वचितच दिसतात. अमेरिकी पिका उन्हाळाभर गवत आणि फुलझाडे तोंडात धरून आणतो आणि दगडाखाली रचतो. त्यातली निवडही पाहण्यासारखी आहे. काही झाडांत कडवट, विषारी फिनॉल जातीची द्रव्ये असतात. ती झाडे तो ताजी खात नाही, पण साठ्यात भरपूर घालतो. त्या द्रव्यांमुळे चारा कुजत नाही, आणि हिवाळा येईपर्यंत ती उतरून चारा खाण्याजोगा होतो. लोणच्यातल्या मीठ-मोहरीने कैरी टिकावी, तसेच हे आहे.

आता मुख्य मुद्दा, की पिका दुर्मीळ आहे का? सरसकट नाही. रॉयलचा पिका आणि अमेरिकी पिका हे दोन्ही आज धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या जागतिक लाल यादीत सर्वांत कमी काळजीच्या गटात आहेत. अमेरिकी पिकाला संकटग्रस्त जातींच्या कायद्याचे संरक्षण देण्याची मागणी तिथल्या सरकारने २०१० मध्ये नाकारली. खरा दुर्मीळ आहे तो चीनच्या तिआनशान पर्वतातला इली पिका. तो १९८३ मध्ये सापडला, नंतर दोन दशकांहून अधिक काळ कोणाच्या दृष्टीस पडला नाही आणि २०१४ मध्ये त्याचे पुन्हा छायाचित्र मिळाले. त्याची संख्या १,००० च्याही खाली असावी असा अंदाज आहे. आपल्या लेखात छायाचित्र एका जातीचे आणि आकडे दुसऱ्या जातीचे, अशी गल्लत झाली आहे.

आता तळाच्या चार ओळींकडे येऊ. लिव्हरवर्टला मराठीत यकृतका म्हणतात. हिच्या काही जातींची पाळीदार पट्टी यकृतासारखी दिसते, त्यावरून जुन्या युरोपात ती यकृताच्या विकारांवर चालते असा समज होता आणि नाव तिथून आले. ही शेवाळ नाही. पायऱ्यांवर पाय घसरवते ते शेवाळ म्हणजे शैवल. त्याला ठराविक आकार नसतो, बोटाने दाबले की बुळबुळीत लगदा होतो. लिव्हरवर्ट आणि मॉस या जमिनीवरच्या वनस्पती आहेत, त्यांच्या गटाला शेवाळी म्हणतात. शेवाळ आणि शेवाळी यांत एका वेलांटीचा फरक आहे, म्हणून ही चूक होते हे आम्ही जाणतो. पण त्या वेलांटीच्या दोन बाजूंना वनस्पतींची दोन वेगळी जगे आहेत.

लिव्हरवर्टला खरी मुळे नाहीत. पट्टीच्या खालून केसासारखे मूलाभ निघतात, ते मुख्यतः धरून ठेवण्याचे काम करतात. पाणी ती सगळ्या अंगाने घेते आणि सगळ्या अंगाने गमावते. ओली असेल तेव्हाच ती अन्न बनवते, वाळली की थांबते. पुंपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत स्त्रीपेशीपर्यंत जातात. कित्येक जातींत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. दोघांत काही वितींचे अंतर पडले आणि मधली माती कोरडी असली तर फलन होतच नाही. मग पट्टीचे तुकडे पडून किंवा मार्कँशियासारख्या लिव्हरवर्टमध्ये पट्टीवरच्या कपातल्या हिरव्या कळ्या उडून वाढ होते, पण ती त्याच झाडाची नक्कल असते.

आपल्या देशात या वनस्पतींचा पाया शिवराम कश्यप यांनी घातला. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकवत त्यांनी पश्चिम हिमालय पायी धुंडाळला. १९१४-१५ मध्ये त्यांनी एचिसोनिएला, स्टीफन्सोनिएला आणि सेवर्डिएला हे नवे वंश जगापुढे मांडले. त्यांच्या ग्रंथाचे दोन भाग १९२९ आणि १९३२ मध्ये आले आणि १९३४ मध्ये ते गेले. त्यातली सेवर्डिएला ट्यूबरिफेरा पिकाशेजारी ठेवून पाहावी अशी आहे. ती पश्चिम हिमालयात, पिकाच्या वस्तीपेक्षा बऱ्याच खालच्या उतारांवर वाढते. त्या वंशात ही एकच जाती आहे. पावसाळा ओसरू लागला की पट्टीच्या टोकाशी गाठ धरते, ती मातीत उतरते आणि वरचा हिरवा भाग वाळून जातो. पुढच्या पावसात त्या गाठीतून नवी पट्टी फुटते. एचिसोनिएला आणि सेवर्डिएला या दोघींची नावे शेवाळींच्या जागतिक लाल यादीत आहेत.

दोघांची तुलना खरी रंगते ती इथे. पिकाचा वाईट काळ हिवाळा, सेवर्डिएलाचा वाईट काळ कोरडे महिने. अमेरिकी पिका चारा बाहेरून आणून दगडाखाली ठेवतो, सेवर्डिएला स्वतःच्याच अंगातला साठा मातीखाली उतरवते. पिकाला रोज खावे लागते, कारण त्याची भट्टी विझली की तो संपला. लिव्हरवर्ट भट्टी विझवूनच जगते. म्हणून एका वाईट आठवड्याने पिका मरू शकतो आणि लिव्हरवर्टला त्या आठवड्याचे काहीच वाटत नाही. पण लिव्हरवर्टला सावकाश वाळायला मिळावे लागते. हळूहळू वाळली तर पेशींची पातळ आवरणे न फाटता आवरून बसतात. सावली अचानक गेली, झाड तोडले, कडा उघडा पडला आणि ती तासाभरात कडक झाली, तर पुन्हा पाणी मिळाले तरी ती हिरवी होत नाही. जागा बिघडली तर पिका निदान चालत पुढच्या राशीकडे जाऊ शकतो, मधली दरी फार खोल आणि उष्ण नसेल तर. लिव्हरवर्टला जाणे नाहीच. तिचे बीजाणू जातात, पण त्यांना पडायला तसाच ओला, सावलीचा, दुसऱ्या कोणी न बळकावलेला तळहाताएवढा तुकडा मिळावा लागतो.

आणि दोघांचेही हवामान हवामान खात्याच्या पेटीत मोजता येत नाही. ती पेटी जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर असते. पिकाचे हवामान मीटरभर खाली फटीत असते आणि लिव्हरवर्टचे हवामान मातीवरच्या काही मिलिमीटर हवेत. आपल्या लेखातला 'हिमालयाचे सरासरी तापमान' हा आकडा या दोघांपैकी कोणाच्याच दारापर्यंत पोहोचत नाही. सरासरी वाढली तरी फट शाबूत असेल तर पिका टिकतो. सरासरी तशीच राहिली आणि रस्ता रुंद करताना ओला कडा खरवडला, तर लिव्हरवर्ट त्याच दिवशी संपते.

या दोघांची एक प्रत्यक्ष गाठही आहे. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या घळीत पिका जवळजवळ समुद्रसपाटीवर राहतात. तिथल्या दगडांवर मॉसचा जाड थर असतो आणि तो आतला गारवा राखतो. तिथल्या पिकांच्या आहारात ६० टक्क्यांहून अधिक मॉसच आढळले. मॉस हे फार निकृष्ट अन्न, नुसता चोथा. ते पचते कारण पिका सशाप्रमाणे पहिल्या फेरीतल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. आतड्यातल्या जीवाणूंनी चोथ्यातून बनवलेले पोषण त्यात असते. म्हणजे त्या घळीत शेवाळी हेच पिकाचे छप्पर आहे आणि तेच ताट आहे.

हे सगळे हिमालयाचे आणि अमेरिकेचे झाले, नागपूरला त्याचे काय, असे वाचक विचारतील. पिका इथे कधीच दिसणार नाही. लिव्हरवर्ट मात्र दर पावसाळ्यात दाराशी येते. मृग कोसळून पंधरा-वीस दिवस झाले की सेमिनरी हिल्सच्या पायवाटेकडेची उघडी माती, फुटाळ्याचा आणि अंबाझरीचा ओला काठ, जुन्या विहिरीचा कठडा, गच्चीवरच्या कुंड्या तपासा. रिक्सिया ही लिव्हरवर्ट ओळखायला सर्वांत सोपी. एक ते तीन सेंटिमीटरची हिरवी चकती, मधून बाहेर फुटत गेलेल्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी टोकाला इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली आणि पट्टीच्या मधोमध बारीक पन्हळ. दहापट मोठे दाखवणारे भिंग हवे, मोबाइलचा कॅमेरा पुरत नाही. गुडघ्यावर बसून भिंग डोळ्याला टेकवा आणि मान खाली नेत चकती स्पष्ट दिसेपर्यंत जवळ या. बहुतेक जण भिंग हातभर लांब धरतात आणि काही दिसत नाही म्हणून उठतात. पट्टीचा कोपरा सुईने उचलला तर खाली पांढरे मूलाभ आणि कडेला बारीक, बऱ्याचदा जांभळट खवले दिसतील. पोळ्याच्या सुमाराला पट्टीच्या आत काळे ठिपके दिसू लागतात, ती बीजाणूंची भांडी. रिक्सियाचे बीजाणू बाहेर उडत नाहीत, पट्टी कुजली की तिथेच मातीत मिसळतात. म्हणून ज्या कोपऱ्यात यंदा चकती दिसली तिथेच पुढच्या वर्षी पाहावे, आणि म्हणूनच त्या कोपऱ्यावर फरशी बसली की ती तिथून गेली ती गेलीच.

पचमढीला किंवा चिखलदऱ्याला गेलात तर कातळाच्या सावलीत प्लॅजिओकॅझ्मा आणि टार्गिओनिया या लिव्हरवर्ट शोधा. दिवाळीनंतर टार्गिओनियाच्या पट्टीच्या कडा आत वळतात आणि ती काळ्या सुतळीच्या तुकड्यासारखी दिसते, वाळून मेल्यासारखी. बाटलीतले दोन चमचे पाणी त्यावर सोडा आणि घड्याळ लावून बसा. काही मिनिटांत सुतळी उलगडते आणि आतला हिरवा रंग वर येतो. हे एकदा पाहिलेले मूल लिव्हरवर्टला आयुष्यात शेवाळ म्हणणार नाही. हा प्रयोग एका जागी एकदाच करावा. भर कोरड्या दिवसांत पुन्हा पुन्हा भिजवले तर जागे होण्यातच तिचा साठा खर्च होतो.

यापुढचे लिहिताना मनाला त्रास होतो. लिव्हरवर्टचे आपल्या भागातले एक मोठे नुकसान आमच्याच विषयाच्या सहली करतात. पचमढीच्या ठरलेल्या जागी दर वर्षी कॉलेजांच्या बस लागतात. प्रत्येक विद्यार्थ्याला सबमिशनसाठी अमुक इतके नमुने सांगितलेले असतात. चाळीस विद्यार्थी चाकूने कातळ खरवडतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबतात, आणि नागपूरला पोहोचेपर्यंत निम्म्या पिशव्यांत बुरशी आलेली असते. उरलेले जाड वह्यांखाली दाबतात, ते कागदाला चिकटून काळे पडते. चिठ्ठीवर जागेचे नाव फक्त 'पचमढी'. असा नमुना विज्ञानाच्या काही कामाचा नाही, आणि कातळावरची ती ओली पट्टी भरून यायला वर्षे लागतात. हे एका कॉलेजचे नाही, सर्रास चालते.

बरोबर पद्धत याहून सोपी आहे. अख्ख्या वर्गाने एका जातीचा एकच नमुना घ्यावा. ठिगळ तळहातापेक्षा लहान असेल तर काहीच घेऊ नये, शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे. मोठे असेल तर कडेचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा, खालच्या दोन-तीन मिलिमीटर मातीसकट, पातळ सुरीने उचलावा. मधला तुकडा घेऊ नये, कारण तिथे भोक पडले की पाऊस उरलेला थर धुऊन नेतो. वर्तमानपत्राचा कागद घडी घालून पाकीट करावे, प्लॅस्टिक अजिबात नको. पाकिटावर तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहावे. शाईचे ओल्यात फिसकटते. तारीख, नेमकी जागा, उंची, उताराचे तोंड कोणत्या दिशेला, माती की दगड की झाडाची साल, ऊन की सावली, पाणी झिरपते की फक्त दमटपणा, एवढे हवे. ही ओळ नमुन्यापेक्षा मोलाची असते. खोलीवर आल्यावर पाकिटे उघडी करून पंख्याखाली सावलीत दोन-तीन दिवस ठेवावीत. उन्हात नको, दाबायला तर मुळीच नको. वाळलेला तुकडा पाण्यात भिजवला की काही मिनिटांत आकार परत धरतो, म्हणून दाबण्याची गरजच नाही. अभयारण्यात मात्र एक तुकडाही वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय उचलू नये.

तुंगनाथ-केदारनाथला जाणाऱ्यांसाठी पिकाकडे कसे पाहावे, तेही लिहितो. दगडांच्या राशीवर चढू नका. डुगडुगणारा दगड एकदा सरकला की खालची फट बुजते, आणि फट बुजली की तिथले घर गेले. वाटेवर दगडावर दगड रचून मनोरे करण्याची हल्ली चाल पडली आहे. ते दगड बऱ्याचदा याच राशीतून उचललेले असतात. कृपा करून ते करू नका, आणि केलेले दिसले तर त्यात भर घालू नका. राशीपासून दहा मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर वीस मिनिटे गप्प बसा. फटीच्या तोंडाशी मिऱ्याएवढ्या गोल लेंड्या किंवा ताजी कुरतडलेली पाने दिसली तर आत वस्ती आहे. बिस्किटे, शेंगदाणे टाकू नका. त्या वासाने कोल्हे-कुत्री येतात, आणि पिकाच्या आतड्याची सगळी रचना चोथ्यासाठी आहे.

शाळांना पिका न पाहताही पिकाचा धडा देता येतो. एप्रिलमध्ये शाळेच्या आवारात उत्तरेकडच्या भिंतीलगत फुटक्या दगडांची मीटरभर उंच रास करा. दगड वीतभर तरी असावेत, गिट्टी चालणार नाही, कारण बारीक फटीत हवा खेळत नाही. एक तापमापी राशीच्या वर पुठ्ठ्याच्या सावलीत, दुसरा दोरीने मधल्या फटीत तळापर्यंत सोडलेला. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ दर तासाला दोन्ही आकडे लिहा. फटीतल्या तापमापीचे टोक दगडाला टेकू देऊ नका, नाहीतर हवेऐवजी दगड मोजला जातो. वरचा उन्हात राहिला तर आकडा खोटा येतो. फक्त दुपारी मोजणे ही नेहमीची चूक. खरी गोष्ट सकाळी दिसते, वरची हवा चढू लागते आणि खालची किती मागे राहते ती. पावसाळ्यात तीच रास ठेवा आणि तिच्या पायथ्याशी काय उगवते ते भिंगाने पाहा.

संपादक महोदय, आपल्याकडे तीन मागण्या आहेत. पुढच्या अंकात 'उंदीर' आणि 'शेवाळ' या दोन शब्दांची दुरुस्ती छापावी. पिकावर पुन्हा लिहाल तेव्हा चेहऱ्याच्या छायाचित्राशेजारी दगडांच्या राशीचेही छापावे आणि जातीचे नाव द्यावे. आणि येत्या पावसाळ्यात अर्धे पान लिव्हरवर्टला द्यावे, ते सहलींच्या आधी, जुलैतच, म्हणजे वरची पाकिटाची पद्धत मुलांच्या हाती वेळेत पडेल. छायाचित्रात नाणे ठेवायला विसरू नये. रिक्सियाची चकती रुपयाच्या नाण्याएवढी असते हे दिसले नाही, तर लोक गुडघ्याएवढे काहीतरी शोधत फिरतील आणि तिच्यावरूनच चालत जातील.

आपले,
प्राणिशास्त्राचे व वनस्पतिशास्त्राचे दोन निवृत्त अध्यापक,
धरमपेठ, नागपूर